प्रश्न रद्द, चार मार्क सगळ्यांना. मग सात मिनिटं घालवणारीचं काय?

अबोली_के

माझी भाची यंदा बारावी झाली. एका मोठ्या प्रवेश परीक्षेला बसली होती. (परीक्षेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर शंभर प्रतिसाद नुसते शिव्या घालण्यात जातील.) भौतिकशास्त्रात एक प्रश्न होता, कप्पीवरून दोरी आणि दोन वजनं. तिचं उत्तर चारही पर्यायांत बसेना. पुन्हा सोडवलं. घर्षण धरून, घर्षण सोडून. रफ कागदाची एक अख्खी बाजू भरली. शेवटी त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडून पुढे गेली, तोवर सात मिनिटं गेली होती. शेवटचे तीन प्रश्न वाचायचेही राहिले.

परवा अंतिम उत्तरतालिका आली. त्या प्रश्नापुढे 'रद्द', आणि गुण सगळ्यांना. तिच्या मैत्रिणीने तो प्रश्न बघताक्षणी सोडून दिला होता, तिलाही चार मिळाले. भाची जेवायला बसली होती, ताटातलं चिवडत म्हणाली, "मावशी, मला तो प्रश्न येत होता, म्हणून माझं नुकसान झालं."

मला यावर काही बोलता आलं नाही. म्हणून इथे विचारते. चुकीचा प्रश्न सरळ काढून का टाकतात? ज्यांनी नीट विचार केला त्यांनाच गुण द्यायची काही सोय नाही का? आणि चूक आहे हे त्यांना कळतं कसं, मुलांनी ओरडा केल्यावरच?

बिनसाखरेचा_चहा

आमच्या वेळी पेपरात चूक निघाली की सर फळ्यावर येऊन दुरुस्त करायचे. अर्ध्या वर्गाने तोवर सोडवलेलं असायचं, ते खोडून पुन्हा. बोनस वगैरे कुठचं! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रिकामटेकडा_गणिती

अबोलीताई, आधी हिशेब करू, राग नंतर.

बरोबरला +४, चुकीला −१, सोडला तर ०. तीन मुलं धरा. उत्तरतालिकेत आधी 'ब' होतं. अमितने ब लिहिलं, त्याला ४. बीनाने क लिहिलं, तिला −१. चंदूने सोडला, त्याला ०. आता कळलं की चारही पर्याय चूक.

प्रश्न नुसता उडवला तर तिघांना ०, ०, ०. सगळ्यांना बोनस दिला तर ४, ४, ४. तिघांमधलं अंतर दोन्हीकडे सारखंच, म्हणजे शून्य. क्रमवारी लावायची असेल तर 'सगळ्यांना चार' आणि 'प्रश्न काढला' ही एकच गोष्ट आहे, फक्त ऐकायला एक उदार वाटते आणि दुसरी कंजूष. (पात्रतेची रेषा आधीपासून ठरलेल्या गुणांवर असेल तर फरक पडतो, पण ते बाजूला ठेवू.)

'ज्यांनी प्रश्न सोडवायला घेतला फक्त त्यांना' बोनस दिला तर ४, ४, ०. इथे चंदू मेला. येत नाही म्हणून प्रामाणिकपणे सोडला त्याला फटका, आणि डोळे मिटून क वर टिकली मारणाऱ्या बीनाला बक्षीस.

यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेत लोक. २०१७ ची जेईई ॲडव्हान्स्ड, त्या वर्षी आयआयटी मद्रासकडे होती. एकूण ३६६ गुणांपैकी १८ गुण बोनस म्हणून सरसकट सगळ्यांना दिले, प्रश्नाला हात न लावणाऱ्यांनाही. ७ जुलैला कोर्टाने प्रवेशांना स्थगिती दिली आणि १० जुलैला उठवली. त्या तीन दिवसांत किती घरांत देव पाण्यात होते कोण जाणे.

अबोली_के

हिशेब कळला. पण तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे हो. अमितने त्या प्रश्नावर किती वेळ घालवला?

रिकामटेकडा_गणिती

तो रकाना नाही, मान्य. आणि तो भरून काढणारं कुठलंही सूत्र माझ्याकडे नाही. चार मार्क परत देता येतात, सात मिनिटं नाही.

बिनसाखरेचा_चहा

संगणकावरची परीक्षा असेल तर कोण कुठल्या प्रश्नावर किती वेळ होतं ते यंत्राला माहीत असतं की. त्यावरून द्या ना.

रिकामटेकडा_गणिती

आणि मग पुढच्या वर्षी क्लासवाले शिकवतील, 'प्रश्न चुकीचा वाटला तर त्यावर पाच मिनिटं बसून राहा'. नको रे बाबा.

जुना_पेपरसेटर

धागा आत्ता पाहिला. बहुपर्यायी प्रश्न काढण्यात आणि तपासण्यात आयुष्याची बरीच वर्षं गेली, तेव्हा लांबलचक लिहितो, माफी असावी.

अबोलीताई, नीट विचार केलेल्यांनाच गुण देता येत नाहीत याचं कारण साधं आहे. उत्तरपत्रिकेत विचार उमटत नाही, काळा गोळा उमटतो. तुमच्या भाचीने कागदाची एक बाजू भरून जो पर्याय निवडला, तोच पर्याय मागच्या बाकावरच्या कुणीतरी 'इनी मिनी' करून निवडला असेल. यंत्राला दोघं सारखीच. ज्या प्रश्नाच्या उत्तरावरून जाणकार आणि अजाण वेगळे काढता येत नाहीत, त्या प्रश्नाचे गुण धरले तर यादीत नुसती भेसळ होते. म्हणून काढतात. त्यात दया नाही की मेहेरबानी नाही.

चूक कळते कशी? ओरडा होण्याआधीही कळू शकते, जर कुणी आकडे बघितले तर. जुनी रीत सांगतो. समजा दोनशे पेपर आहेत. एकूण गुणांप्रमाणे गठ्ठे लावायचे. वरचे २७ टक्के घ्यायचे, म्हणजे ५४ पेपर, आणि खालचे ५४. मधल्यांना हात लावायचा नाही. मग एकेक प्रश्न घेऊन मोजायचं, वरच्यांत किती बरोबर, खालच्यांत किती. चांगल्या प्रश्नात वरचे ४० आणि खालचे १५ असं काहीतरी येतं. दोघांचेही ५० आले तर प्रश्न सोपा, असू दे. दोघांचेही १३-१४ आले की समजायचं सगळ्यांनी अंदाजपंचे मारलंय. चार पर्यायांत नशिबाने चौथा हिस्सा बरोबर येतोच.

आणि कधीकधी उलटं येतं. खालच्यांत २० बरोबर आणि वरच्यांत ९. हुशार मुलं जास्त चुकतायत! असा आकडा दिसला की सेटरच्या पोटात गोळा येतो. एकदा आम्ही दोघे मास्तर दुपारभर हॉलच्या फरशीवर गठ्ठे लावून बसलो होतो, पंखा बंद, कागद उडतात म्हणून. रसायनशास्त्राच्या एका प्रश्नाला नेमका असा उलटा आकडा आला. मी म्हटलं मुलांना धडा समजला नाही. सहकाऱ्याने वरच्या गठ्ठ्यातले पेपर पुन्हा उलटले आणि म्हणाला, "अहो, ही सगळी एकाच चुकीच्या उत्तराला का जातायत?" वरचे जवळजवळ सगळे 'क' वर. तालिका काढून पाहिली. टंकलेखकाने क च्या जागी ब मारलं होतं, आणि खाली तपासून सही माझी होती.

असं असेल तर प्रश्न काढायचा नाही, तालिका बदलायची. दोन पर्याय खरोखरच बरोबर ठरत असतील तर दोन्ही धरायचे. एकही बरोबर नसेल, किंवा प्रश्नातला एखादा आकडाच छापायचा राहिला असेल, तर मात्र इलाज नाही, काढायचा.

डोंबिवली_ते_न्यूजर्सी

सर, वा! इथे अमेरिकेत हेच परीक्षेच्या आधी करतात. माझ्या मुलीने गेल्या वर्षी सॅट, म्हणजे इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा, दिली. संगणकावरची नवी सॅट म्हणजे भाषेचे ५४ आणि गणिताचे ४४ प्रश्न, पण त्यातले चार-चार मोजतच नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायचे असतात आणि कुठले ते मुलांना सांगत नाहीत. म्हणजे पोरं फुकटात गिनीपिग होतात, पण चुकार प्रश्न बराचसा तिथेच गळतो. तरीही सगळे गळत नाहीत. कायद्याच्या प्रवेशाची एलसॅट असते, तिच्या जुन्या प्रकाशित पेपरांत मधेच एखाद्या प्रश्नाच्या उत्तराच्या जागी 'गुणांकनातून वगळला' असं छापलेलं सापडतं.

आणि १९८२ च्या मे महिन्यातली सॅटची गोष्ट तर इथे सांगितलीच पाहिजे. प्रश्न असा: लहान वर्तुळ अ, मोठं वर्तुळ ब. अ ची त्रिज्या ब च्या एक तृतीयांश. अ हे ब च्या कडेवरून घरंगळत एक पूर्ण फेरी मारून मूळ जागी येतं. एवढ्यात अ स्वतःभोवती किती वेळा फिरतं? पर्याय होते ३/२, ३, ६, ९/२ आणि ९.

तुमचं उत्तर काय? खाली बघू नका.

बिनसाखरेचा_चहा

३. परीघ तिप्पट, म्हणून तीन. हे काय विचारणं झालं.

कोथिंबीर_वडी

३

अबोली_के

मीपण ३ म्हणणार होते, पण तुम्ही ज्या आवाजात विचारताय त्यावरून नसणार.

डोंबिवली_ते_न्यूजर्सी

४. पर्यायात नव्हतंच. तीन लाख मुलांनी तो पेपर दिला होता आणि चूक दाखवणारी पत्रं आली फक्त तीन विद्यार्थ्यांची. परीक्षा घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने चूक मान्य केली, प्रश्न काढला आणि सगळ्यांचे गुण नव्याने मोजले.

बिनसाखरेचा_चहा

४ कसं काय?? परीघ तिप्पट आहे ना?

रिकामटेकडा_गणिती

चहावाले, खिशातून एकसारखी दोन नाणी काढा. एक टेबलावर दाबून धरा. दुसरं त्याच्या बरोबर डोक्यावर ठेवा, सिंह सरळ उभे. आता वरचं नाणं न घसरू देता कडेकडेने घरंगळवत खाली न्या. दोन्ही परीघ सारखे, म्हणजे पूर्ण फेरीत एकच गिरकी व्हायला हवी, बरोबर? मग अर्ध्या फेरीत, नाणं तळाशी पोचेल तेव्हा, सिंह उलटे दिसायला हवेत.

करून बघा आणि मग बोला.

बिनसाखरेचा_चहा

सिंह सरळ.

थांबा, पुन्हा करतो.

पुन्हा सरळ. हा काय चावटपणा आहे.

रिकामटेकडा_गणिती

अर्ध्यातच एक गिरकी झाली, पूर्ण फेरीत दोन. एक परिघावरून घरंगळल्यामुळे, आणि एक जास्तीची वाटच गोल असल्यामुळे. तिप्पट वर्तुळावर तीन अधिक एक, चार. दुसरीकडून बघायचं तर लहान वर्तुळाचा मध्य ज्या वाटेने जातो त्या वाटेची त्रिज्या ३ + १ = ४.

अवांतर: पृथ्वीचंही हेच. वर्षात दिवस ३६५ मोजतो आपण, पण ताऱ्यांच्या हिशेबाने ती स्वतःभोवती ३६६ वेळा फिरते. पंचांगवाल्यांना नाक्षत्र दिवस म्हटलं की लगेच कळेल.

कोथिंबीर_वडी

पण मग एक शंका. पेपरसेटर काका म्हणतायत की आकड्यांवरून चुकीचा प्रश्न कळतो. डोंबिवलीकर म्हणतायत की तिकडे आधी चाचपून बघतात. मग हा वर्तुळाचा प्रश्न तीन लाख मुलांपर्यंत पोचला कसा? वर-खाली २७ टक्के काढले असते तर सापडला असता?

जुना_पेपरसेटर

ताई, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत.

नसता सापडला. उलट प्रश्न उत्तम ठरला असता. विचार करा, हुशार मुलगा काय करतो? परीघ काढतो, भागतो, ३ वर गोळा करतो. कच्चा मुलगा ६ नाहीतर ९ वर जातो. वरच्या गठ्ठ्यात ३ वाले भरपूर, खालच्यात कमी. आकडे म्हणतात, वा, काय छान वेगळं काढतोय प्रश्न! कारण सेटर ज्या गैरसमजात आहे त्याच गैरसमजात हुशार मुलंही आहेत. आकड्यांना खरंखोटं कळत नाही, त्यांना फक्त एवढंच कळतं की तालिका आणि हुशार मुलं एकमेकांशी सहमत आहेत की नाहीत.

टंकलेखकाची चूक आकडे पकडतात. सेटरचं अज्ञान मात्र आकड्यांना दिसत नाही. ते तीन लाखांतल्या त्या तिघांनाच दिसतं, आणि ती तिघं खालच्या गठ्ठ्यातली नसतात.

मी स्वतः तो प्रश्न वाचून ३ च म्हणालो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नातवाची नाणी घेऊन बसलो तेव्हा पटलं.

डोंबिवली_ते_न्यूजर्सी

याच जातकुळीतला त्याआधीचा एक आहे. ऑक्टोबर १९८० ची पीएसॅट, म्हणजे सॅटची धाकटी बहीण. चौकोनी तळाचा एक पिरॅमिड, त्याच्या त्रिकोणी बाजू समभुज. त्याच मापाच्या त्रिकोणांचा एक चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणांचा ठोकळा. दोघांचा एकेक त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत चिकटवला. आता बाहेर किती बाजू दिसतात?

अधिकृत उत्तर ७. पाच अधिक चार, वजा चिकटलेल्या दोन. फ्लोरिडातल्या १७ वर्षांच्या एका मुलाने ५ लिहिलं होतं आणि ५ बरोबर होतं. चिकटवल्यावर दोन ठिकाणी दोन-दोन त्रिकोण एकाच पातळीत येतात आणि मिळून एकच सपाट बाजू होते. गणिती, कार्डबोर्डचं करून बघा.

रिकामटेकडा_गणिती

कार्डबोर्डची गरज नाही. असे दोन पिरॅमिड एकाच टेबलावर, तळाची कड तळाच्या कडेला लावून शेजारी ठेवा. दोन शिखरांमधलं अंतर तळाच्या कडेइतकंच येतं, म्हणजे मधल्या खाचेत बरोबर तो चतुष्फलकच बसतो. मग पुढची बाजू सलग सपाट, मागचीही. सुंदर आहे हे!

डोंबिवली_ते_न्यूजर्सी

आणि महत्त्वाचं म्हणजे त्या मुलाला आपलं उत्तर 'चूक' धरलंय हे कळलं कसं? न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये कायदा केला की प्रवेश परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरं विद्यार्थ्यांना दाखवायची. १९८० पासून तो लागू झाला आणि परीक्षा घेणाऱ्यांना पेपर उघडे करावे लागू लागले. आधी खूप कुरकुर केली होती त्यांनी, प्रश्न पुन्हा वापरता येणार नाहीत, खर्च वाढेल म्हणून. उघडे केल्यावर काही महिन्यांतच हा पिरॅमिड बाहेर पडला. त्याआधीच्या वर्षांतले किती पिरॅमिड तसेच पुरले गेले असतील?

अबोली_के

म्हणजे आपल्याकडे आधी तात्पुरती तालिका लावतात आणि हरकती मागवतात, ते याचसाठी. मला ती नुसती औपचारिकता वाटायची. पण हरकतीला पैसे का घेतात मग? भाचीने घेतली नव्हती, पैशांमुळे नाही, "माझंच चुकलं असणार" म्हणून.

पालक_मोडवर

नीट आणि जेईई मेनला एका प्रश्नामागे २०० रुपये, परत मिळत नाहीत. आपल्या सीईटीला १००० आहेत. कारण सांगतात की फुकट ठेवलं तर लाखभर मुलं प्रत्येक प्रश्नावर हरकत घेतील. ते खरंही असेल. पण ज्याची हरकत बरोबर ठरली त्याचे तरी परत करा की. तो तुमचा मुद्रितशोधक झाला फुकटात, वर पैसेही त्यानेच भरले!

निशिगंध_लातूर

हे सगळं वर्तुळ-पिरॅमिड छान आहे, पण आमच्या घरात नीट २०२४ झालीय त्यामुळे मला एवढं शांतपणे लिहिता येत नाही.

अणूचा प्रश्न. दोन विधानं. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो कारण धन आणि ऋण प्रभार सारखे असतात. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात दुसरं विधान जसंच्या तसं आहे, 'प्रत्येक मूलद्रव्याचे'. नव्या आवृत्तीत ते 'बहुतेक मूलद्रव्यांचे' झालं. किरणोत्सारी अणू स्थिर कसे असतील, म्हणून दुरुस्ती योग्यच. माझ्या मुलाकडे त्याच्या ताईचं पुस्तक होतं. पाठ केलेलं वाक्य समोर आलं, त्याने 'दोन्ही बरोबर' लिहिलं, पर्याय २.

परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी २ आणि ४ दोन्ही धरले. जुलैत सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एका दिवसात सांगितलं, फक्त ४. पर्याय २ लिहिणारी चार लाखांहून जास्त मुलं होती. प्रत्येकाचे ५ गुण गेले, मिळालेले ४ परत आणि वर −१. पैकीच्या पैकी ७२० वाल्या ६१ मुलांपैकी ४४ जण याच प्रश्नामुळे तिथे होते, ते एका फटक्यात ७१५ वर आले. अंतिम यादीत १७ उरले.

मुलगा निकाल लागल्यावर हॉस्टेलची यादी करत बसला होता. पाच गुणांनी काय होतं ते ज्यांनी कटऑफ पाहिलेत त्यांना विचारा. मला एवढंच सांगा, तो प्रश्न काढूनच का नाही टाकला?

रिकामटेकडा_गणिती

ताई, वाईट वाटलं वाचून. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका. प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर होतं आणि ते पर्यायांत होतं. काढून टाकला असता तर नवीन पुस्तक वाचून, किंवा नुसतं रेडियम आठवून ४ लिहिणाऱ्यांचे चार गुण गेले असते. तेही लाखोंनी होते. नवीन आवृत्तीच धरा, असं सूचनांत होतं.

निशिगंध_लातूर

सूचनांत होतं. आणि जुनं पुस्तकही त्याच संस्थेने छापलेलं होतं, चोरबाजारातलं नव्हतं.

जुना_पेपरसेटर

दोघांचंही खरं आहे, आणि दोष उत्तराचा नाही, प्रश्न निवडणाऱ्याचा आहे. ज्या वाक्यात दोन आवृत्त्यांमध्ये एकच शब्द बदललाय, नेमकं तेच वाक्य विधान म्हणून उचलायचं नसतं. मॉडरेशनच्या, म्हणजे पेपर आधी तपासून घ्यायच्या बैठकीत कुणीतरी जुनं पुस्तक टेबलावर ठेवायला हवं होतं. एकदा पेपर झाला की मग जे कराल त्यात कुणीतरी भरडलं जातंच.

कोर्टांचंही यावर ठरलेलं धोरण आहे. १९८३ च्या कानपूर विद्यापीठाच्या निकालापासून, तालिका बरोबर आहे असं गृहीत धरायचं, ती चूक असल्याचं उघड उघड दिसलं तरच हात घालायचा. २०१७ च्या रणविजय सिंह प्रकरणात तर म्हटलंय की शंका उरली तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला, विद्यार्थ्याला नाही. कठोर वाटतं, पण नाहीतर एकही प्रवेशयादी कधी पक्की व्हायची नाही.

माळरान

मी मराठी माध्यमात विज्ञान शिकवतो. एक मुद्दा कुणी काढलाच नाही, भाषांतराचा.

स्पीडला आपल्या पुस्तकात 'चाल' म्हणतात आणि व्हेलॉसिटीला 'वेग'. घरात मात्र गाडीचा वेगच असतो, चाल घोड्याची. आता अनुवादकाने घाईत स्पीडला वेग लिहिलं की 'एकसमान वर्तुळाकार गतीत काय स्थिर असतं' हा प्रश्न मराठीत मेला. इंग्रजीत तो अगदी धडधाकट आहे! नीट १३ भाषांत होते आणि नियम असा की भाषांतरात फरक आढळला तर इंग्रजी ग्राह्य. म्हणजे माझ्या पोरांच्या पेपरातला प्रश्न चुकीचा, पण रद्द होणार नाही, कारण मूळ प्रश्नात चूक नाहीच. मी वर्गात दोन्ही शब्द पाठ करून घेतो आणि सांगतो, पेपरात खटकलं तर आधी इंग्रजी ओळ बघ. विज्ञानाच्या पेपरात हे सांगावं लागतं.

आकड्यांनीही हे पकडता येईल म्हणे, समान तयारीची मराठी आणि इंग्रजी मुलं वेगवेगळी काढून एकेका प्रश्नावर तुलना केली तर. सॅटवाले मुलगे-मुली, गोरे-काळे अशी तुलना करतात असं वाचलंय. 'धावपटूला मॅरेथॉन, तसं वल्हेकऱ्याला काय' या त्यांच्या जुन्या प्रश्नाची फार चर्चा झाली होती. उत्तर होतं रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या बापाची होडी नाही त्याने तो शब्द ऐकायचा कुठे?

कोथिंबीर_वडी

+१. रेगाटा मी आत्ता पहिल्यांदा ऐकला.

पालक_मोडवर

एकदोन प्रश्न काढणं ठीक. २०२५ च्या आपल्या सीईटीत तर २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. तेव्हा प्रश्न रद्द न करता त्या सत्राच्या सत्तावीस हजारांवर मुलांची फेरपरीक्षाच घेतली, ५ मे ला. आमच्या सोसायटीत तेव्हा दोन तट पडले होते, बोनस द्या म्हणणारे आणि पुन्हा घ्या म्हणणारे.

रिकामटेकडा_गणिती

तिथे बोनस शक्यच नव्हता. गणिताचे प्रश्न ५०, दोन-दोन गुणांचे. २१ गेले म्हणजे शंभरातले ४२ गुण सगळ्यांना फुकट. उरलेल्या २९ प्रश्नांवर कुणाचं गणित किती पक्कं ते ठरवणार? भाजीत मीठ थोडं जास्त झालं तर बटाटा टाकतात, अर्धा डबा पडला तर पातेलं बदलतात.

बिनसाखरेचा_चहा

गणिती आज स्वयंपाकघरात!

अबोली_के

सगळ्यांचे आभार. काल भाचीला धागा वाचायला दिला. पेपरसेटर काकांचं, ती तिघं खालच्या गठ्ठ्यातली नसतात, हे वाक्य तिने दोनदा वाचलं आणि काही बोलली नाही. निशिगंधताईंच्या मुलाबद्दल विचारलं, "मग त्याने पुढे काय केलं?" ताई, जमलं तर सांगा.

रफ कागद परीक्षेतच जमा केलेला, पण गणित तिला तोंडपाठ आहे. तिने ते पुन्हा मांडून दाखवलं. एका वजनाचा आकडा छापताना एक शून्य गळलं असावं असं तिचं म्हणणं आहे, ते शून्य घातलं की तिसरा पर्याय बरोबर येतो. हे तिला तिथेच, पाचव्या मिनिटाला सुचलं होतं म्हणे. "पण पेपरात चूक आहे असं कसं धरायचं?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसली.

निशिगंध_लातूर

त्याने बीएस्सीला प्रवेश घेतला, सूक्ष्मजीवशास्त्र. रमलाय. मला अजून जमत नाही त्यावर बोलायला, त्याला जमतं.

जुना_पेपरसेटर

अबोलीताई, भाचीला सांगा, पुढच्या वेळी तात्पुरती तालिका लागली की हरकत घे. दोनशे रुपये मी देतो.

बिनसाखरेचा_चहा

मुख्य विषय राहिला. बायकोला नाण्यांचं दाखवायला गेलो तर सिंह उलटे आले. कुठे चुकतंय?

रिकामटेकडा_गणिती

घसरवताय. कड कडेला चिकटून फिरू द्या, बोटाने ढकलू नका.

बिनसाखरेचा_चहा

आले सरळ. ती म्हणाली, "मग यात विशेष काय, तसंच होणार ना!"